वस्तीतल्या लोकांनीच चालवायचं आरोग्याचं काम: कुठून सुरू करायचं, कसं टिकवायचं

शहरातल्या गरीब वस्तीत दवाखाना फार लांब नसतो, बऱ्याचदा चालत जाता येईल एवढ्यावरच असतो, तरी माणसं तिथे पोचत नाहीत आणि पोचली तरी दुसऱ्यांदा जात नाहीत. हे आधी नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं काम यावरच उभं राहणार आहे. ओपीडीची वेळ आणि कामाची वेळ एकच, गेलं तर रोज बुडतो, लहान मूल कोणाकडे ठेवायचं कळत नाही, कागदावरचा पत्ता जुन्या ठिकाणचा, मागच्या वेळी खिडकीवरचा माणूस सगळ्यांसमोर ओरडलेला, डॉक्टर काय बोलले ते अर्धं कळलं नाही आणि परत विचारायची हिंमत झाली नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करायचे, त्यांनी १९७१ सालीच लिहून ठेवलंय की चांगली आरोग्यसेवा जिथे सगळ्यात जास्त गरज असते तिथेच सगळ्यात कमी मिळते. पन्नास वर्षं उलटून गेली, अजून तेच चालू आहे.

म्हणून वस्तीतल्या गटाचं मुख्य काम काय, तर सोबत आणि पाठपुरावा. स्वतःचा छोटा दवाखाना काढायची घाई करू नका, औषधं वाटायची तर अजिबातच नको. आणि एक दिवसाचं शिबिर घेऊन फोटो काढून मोकळं होण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, त्याने फार काही होत नाही. शिबिरात बीपी जास्त निघालेल्या बाईच्या हातात एक चिठ्ठी पडते, ती चिठ्ठी पिशवीच्या तळाशी जाते आणि तिथेच राहते. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं हे बघायला दुसऱ्या आठवड्यात तिच्या दारात कोणीतरी जायला हवं, आणि ते माणूस तिच्याच गल्लीतलं असेल तर ती खरं काय ते सांगते.

पहिली पायरी: दारोदार जाऊन ऐका

पहिला महिना फक्त ऐकण्यात घालवा, काही द्यायचं नाही, काही वचन द्यायचं नाही. दोघादोघांनी जा, एक बाई आणि एक पुरुष असेल तर बरं, आणि वेळा बदलून जा. दुपारी गेलात तर घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं भेटतील, रात्री साडेआठनंतर कामावरून आलेली भेटतील, रात्रपाळीवाले सुट्टीच्या दिवशीच भेटतील. एकाच वेळी जाऊन सर्व्हे उरकला की निम्मी वस्ती तुमच्या वहीत येतच नाही आणि मग त्या निम्म्यांसाठी कामही होत नाही.

विचारायचं काय? "तुमच्या आरोग्याच्या समस्या काय आहेत" असं विचारलं की लोक काहीतरी ठरलेलं उत्तर देतात, पाणी, कचरा, मच्छर, आणि गप्प बसतात. त्याऐवजी असं विचारा, "मागच्या वेळी घरात कोणी आजारी पडलं होतं तेव्हा काय काय केलं, पहिल्या दिवसापासून सांगा ना." मग माणूस बोलायला लागतो. अंगावर काढलं, मग मेडिकलमधून गोळी आणली, मग शेजारणीने सांगितलं म्हणून एका ठिकाणी गेलो, तिथे तपासण्या लिहून दिल्या, त्या केल्याच नाहीत कारण सकाळी उपाशीपोटी यायला सांगितलं होतं आणि सकाळी तर कामावर जायचं असतं. बघा, या एका उत्तरात तुम्हाला कळलं की साखळी कुठे तुटली. वहीत आजाराचं नाव लिहिण्यापेक्षा हे तुटलेलं ठिकाण लिहा. अशी वीस पंचवीस घरं झाली की तेच तेच ठिकाण परत परत यायला लागतं आणि तेव्हा समजायचं की कामाला हात कुठे घालायचा.

सुरुवातीला ॲप नको, गूगल फॉर्म नको. समोर मोबाईल काढून टाइप करायला लागलात की लोकांना वाटतं कसली तरी चौकशी आली, घर तुटणार का काय. साधी वही पुरते. आणि तीसुद्धा विचारून उघडा.

सोबत वस्तीचा नकाशा करा, मोठ्या कागदावर, हाताने, आणि तो वस्तीतल्याच माणसांना काढू द्या, पोरांना तर खूप आवडतं. नळ कुठे, संडास कुठे, रात्री अंधार कुठे असतो, गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून पुढे पेशंटला उचलून किती न्यावं लागतं. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटला कॉलरा आला तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडून पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं हे पुष्कळांना माहीत असतं, पण त्याच भागातले एक तरुण पाद्री होते, हेन्री व्हाइटहेड, त्यांना आधी स्नो यांचं पटलेलं नव्हतं, तरी ते घरोघरी फिरले, लोक ओळखीचे असल्यामुळे बाहेरच्या डॉक्टरला मिळाली नसती अशी माहिती त्यांना मिळाली आणि आजार कोणत्या घरातून पंपाच्या पाण्यात गेला असेल ते त्यांनीच शोधून काढलं. वस्तीतल्या माणसाच्या ओळखीची किंमत एवढी मोठी असते. फक्त एक लक्षात ठेवा, कोण आजारी आहे, कोण एकटं राहतं ही माहिती भिंतीवरच्या नकाशावर कधीच टाकायची नाही.

दुसरी: एकच विषय घ्या

ऐकून झालं की वीस गोष्टी समोर येतील आणि सगळ्याच महत्त्वाच्या वाटतील. तरी पहिल्या सहा महिन्यांसाठी एकच निवडा. निवडताना बघायचं की लोकांना स्वतःला तो त्रास वाटतो का, जवळच्या सरकारी दवाखान्यात त्यावर उपचार खरंच मिळतो का, आणि तीन चार महिन्यांत काही फरक दिसू शकतो का. माझ्या मते सुरुवातीला बीपी घेणं सोयीचं पडतं. तपासायला सोपं, लाज वाटण्यासारखं काही नाही, दवाखान्यात गोळ्या मिळतात, आणि जगभरात ज्यांचं बीपी जास्त असतं त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं, म्हणजे शोधायला गेलात की माणसं सापडतातच. पण तुमच्या वस्तीत गरोदर बायकांची तपासणी राहत असेल, किंवा लहान मुलांच्या लसी चुकत असतील, किंवा खोकला महिनोनमहिने अंगावर काढला जात असेल तर तेच घ्या. मी पुढे उदाहरण म्हणून बीपीच धरतो.

तिसरी: गल्ली धरा, माणसं शोधा

अख्ख्या वस्तीची समिती करून बैठक बोलावली की नेहमीचे पुढारी येतात, खुर्चीवरून वाद होतो आणि विषय राहतो बाजूला. त्यापेक्षा गल्ली हे एकक धरा. कराचीतल्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये काम सुरू केलं तेव्हा असंच केलं होतं, एका गल्लीतली वीस ते चाळीस घरं एकत्र आली, त्यांनी स्वतः पैसे काढून आपल्या गल्लीचं गटार बांधलं, आणि पुढची मोठी लाईन ही सरकारची जबाबदारी असं सरळ वाटून घेतलं. गल्लीत एकमेकांची तोंडओळख असते, पैसे कुठे गेले ते सगळ्यांना दिसतं, आणि कोणी आजारी पडलं की कळतं.

प्रत्येक गल्लीत दोन माणसं हवीत, एकच नको, कारण एक गावी गेली, आजारी पडली, घर बदललं की सगळं थांबतं. कोण घ्यायचं? जिच्याकडे लोक आधीपासूनच जातात ती. मूल रडायला लागलं, नवरा रात्री पिऊन आला, फॉर्म भरायचाय, तेव्हा लोक कोणाचं दार वाजवतात ते विचारा, तीन चार घरांतून एकच नाव आलं की तुमचं माणूस सापडलं. शिक्षण बघू नका. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने १९७० पासून गावागावात ज्या आरोग्यसेविका तयार केल्या त्यातल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं, तरी त्यांनी बाळंतपणापासून लहान मुलांच्या आजारापर्यंत काम उभं केलं. शहरातही हे चालतं, फक्त शहरात वेळ कमी असतो म्हणून कामाचा बोजा कमी ठेवावा लागतो. आठवड्याला दोन तास, त्यापेक्षा जास्त मागू नका, आणि फोनचा रिचार्ज, जायचं यायचं भाडं हे खर्च द्या. फुकटात सेवा म्हणून बायकांना राबवून घेणं मला पटत नाही, तेही अशा वस्तीत जिथे तिचे दोन तास म्हणजे कमाईचे दोन तास.

पुरुषही घ्या. पुरुष पुरुषाला सांगतो ते बायकांना सांगत नाही, आणि दारू, तंबाखू, छातीत दुखणं या गोष्टी पुरुष सगळ्यात शेवटी बोलतात. भाड्याने राहणारी, दुसरी भाषा बोलणारी कुटुंबं असतील तर त्यांच्यातलं एक माणूस पहिल्याच दिवसापासून गटात पाहिजे, नंतर घेऊ म्हटलं की राहून जातं.

चौथी: दवाखान्याशी आधी बोला

हे काम सुरू करण्याआधी करायचं असतं. लोकांना पाठवायला लागलात आणि तिकडे कोणाला काही माहीतच नाही, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या शब्दाची किंमत जाते. प्रमुख डॉक्टरांना भेटा, तक्रारीच्या सुरात सुरू करू नका, तुमच्याकडे येऊन मधेच गायब होणारे पेशंट आम्ही परत आणतो असं सांगा, त्यांनाही ते हवंच असतं. मग ठरवून घ्या की आमच्या चिठ्ठीवर आलेल्या माणसाला कोणत्या खिडकीवर जायचं, कोणत्या दिवशी गर्दी कमी असते, कोणत्या सिस्टरशी आम्ही बोलायचं, गोळ्या संपल्या तर आम्हाला आधी कळवाल का, आणि रात्री काही गंभीर झालं तर कुठे न्यायचं. हे सगळं एका कागदावर लिहून त्यांना दाखवा. तोंडी ठरलेलं बदली झाली की संपतं, नवीन डॉक्टर आले की पुन्हा जाऊन भेटायचं, त्याला पर्याय नाही.

पाचवी: काय शिकायचं आणि कुठे थांबायचं

थांबायचं कुठे ते आधी सांगतो कारण ते जास्त महत्त्वाचं. गटातल्या कोणीही गोळी द्यायची नाही, कोणाची गोळी बंद करायची नाही, डोस बदलायचा नाही, इंजेक्शन सलाईनच्या जवळ जायचं नाही, आणि "तुला अमुक आजार आहे" असं म्हणायचं नाही. लोक आग्रह करतील, तू सांग ना तुला कळतं, तरी नाही.

आता बीपी मोजणं. वरवर सोपं दिसतं म्हणून चुका फार होतात. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको, आणि जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा घ्या कारण छोटा पट्टा ओढून बांधला की आकडा उगाच जास्त येतो. माणूस जिना चढून किंवा पाण्याची कळशी घेऊन आला असेल तर लगेच मोजू नका, पाच मिनिटं शांत बसवा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी नको, लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन या म्हणा. खुर्चीत पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. आणि मोजताना बोलायचं नाही, ना त्यांनी ना तुम्ही, हेच सगळ्यात अवघड जातं कारण आजूबाजूला चार जणी उभ्या असतात आणि गप्पा चालू असतात. एक दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा ९० किंवा जास्त आला तर घाबरवू नका, दुसऱ्या दिवशी परत मोजा, परत तसंच आलं की दवाखान्यात. वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही, लगेच मोठं हॉस्पिटल. त्रास काही नसेल तर थोडा वेळ बसवून परत मोजा आणि तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईच्या बाबतीत नियम वेगळा, तिचा आकडा १४०/९० आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा, आणि डोकं खूप दुखतंय, डोळ्यासमोर अंधारी येते, पोटात वरच्या बाजूला दुखतंय असं म्हणाली तर ताबडतोब.

शिकवताना भाषण नको. एकमेकींचं बीपी मोजायला लावा, मुद्दाम चुकीचं बसवा आणि चूक ओळखायला सांगा, दवाखान्यातल्या सिस्टरला महिन्यातून एकदा बोलवा म्हणजे शंकाही विचारल्या जातील आणि दोन्हीकडची ओळखही वाढेल.

सहावी: सोबत

सगळ्या कामाचा जीव इथे आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा एका काकूंचं बीपी दोनदा जास्त आलं. "दवाखान्यात जा हं" म्हणून सोडून दिलं तर त्या जाणार नाहीत. बसा आणि विचारा, कधी जाता येईल, कोणत्या दिवशी कामाला सुट्टी आहे, नातवाला कोण बघेल, कागद कुठे आहेत. दिवस ठरवा, आणि पहिल्या वेळी त्यांच्यासोबत जा. आदल्या रात्री फोन करून आठवण करा. जाताना एका पिशवीत जुने सगळे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यासुद्धा घ्या, कारण काही दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि डॉक्टरांना ते कळायला हवं.

आत गेल्यावर तुम्ही बोलायचं नाही, काकूंनाच बोलू द्या. रांगेत बसल्या बसल्या तीन प्रश्न पाठ करून घ्या, मला झालंय काय, ही गोळी कधी आणि किती दिवस घ्यायची, परत कधी यायचं. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, पण असे नेमके प्रश्न विचारले की उत्तर मिळतं. बाहेर आल्यावर लगेच विचारा, "काकू, आता घरी सुनेला काय सांगाल?" त्यांनी स्वतःच्या शब्दात सांगितलं की कळतं काय समजलं आणि काय राहिलं, राहिलेलं तिथल्या तिथे परत विचारून घ्या. हा प्रश्न परीक्षा घेतल्यासारखा विचारू नका.

दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या दारापर्यंत जा, तिसऱ्या वेळी फक्त फोन. जन्मभर कोणाचा हात धरून न्यायचं नाहीये, त्यांनी शेजारच्या बाईला घेऊन जावं इथपर्यंत यायचंय आणि असं होतं, बऱ्याचदा होतं.

गोळी सुटते ती साधारण दुसऱ्या तिसऱ्या महिन्यात. बीपी नॉर्मल आलं, बरं वाटतंय, मग कशाला गोळी. तेव्हा शांतपणे सांगायचं की गोळीमुळेच नॉर्मल आलंय, स्वतःहून बंद केली तर परत वाढेल, बंद करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारू. कधी कारण वेगळंच निघतं, गोळीने पाय सुजतात, सारखी लघवी लागते आणि कामाच्या ठिकाणी संडास नाही. हे कारण डॉक्टरांना कळलं तर ते गोळी किंवा वेळ बदलू शकतात, पण पेशंट तिथे लाजेने बोलत नाही आणि गल्लीतल्या ताईला मात्र सांगते. ही माहिती दवाखान्यापर्यंत पोचवणं हे तुमचं काम.

बैठकांबद्दल

महिन्यातून एकदा गल्लीत बसून बोलणं चांगलंच, पण फक्त बैठकांवर विसंबू नका. झारखंड आणि ओडिशाच्या ग्रामीण भागात बायकांच्या गटांनी एकत्र बसून बाळंतपणातले प्रश्न शोधले, उपाय ठरवले, आणि २०१० साली आलेल्या अभ्यासात तिथे नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी दिसले. जबरदस्त काम. त्याच प्रकारचं काम मुंबईतल्या ४८ वस्त्या घेऊन तपासलं, त्यातल्या काही वस्त्यांत गट चालवले आणि बाकीच्यांशी तुलना केली, तर २०१२ च्या निकालात बाळांच्या मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ मध्ये अशा गटांची शिफारस केली ती विशेषतः जिथे सेवा कमी पोचते त्या ग्रामीण भागांसाठी. मला यातून एवढं दिसतं की शहरात माणसं घर बदलतात, एकमेकांना फार ओळखत नाहीत, बैठकीला वेळ नसतो, आणि दवाखाने असतात पण तिथला अनुभव वाईट असतो, त्यामुळे एकत्र बसण्याला घरोघरी जाण्याची आणि सोबतीची जोड द्यावीच लागते. बैठक चाळीस मिनिटांची ठेवा, पोरांना सांभाळायला एक जण ठेवा, आणि मागच्या वेळी ठरलेलं झालं का ते सगळ्यात आधी सांगा.

सातवी: मनाचं दुखणं

बीपीसाठी दारोदार जायला लागलात की हे समोर येणारच. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कशातच मन लागत नाही, रडू येतं. कर्ज, भाडं, मुलाची नोकरी, घरातली मारहाण यांनी माणूस आतून पोखरलेलं असतं.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेची राजधानी हरारेमध्ये २००६ साली मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी १४ आज्यांना घेऊन काम सुरू केलं, कारण तज्ज्ञ जवळपास नव्हतेच. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवला, आजी तिथे बसते, ऐकते, समोरच्या माणसाला सगळ्या अडचणी बोलू देते, मग त्यातली एक निवडायला सांगते आणि तिच्यावर पुढच्या आठवड्यात काय करता येईल ते त्याच्याच तोंडून काढते. २०१६ मध्ये ५७३ लोकांवरचा अभ्यास आला, सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती, आणि ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात सुमारे ५० टक्के. मात्र त्या आज्यांना रीतसर ट्रेनिंग होतं आणि मागे तज्ज्ञ होते, नुसतं बाकावर बसून सल्ले देणं नव्हतं ते.

तुम्ही एवढं तरी करू शकता. एकांत शोधा, फोन बाजूला ठेवा, मधे बोलू नका, "सगळं ठीक होईल" असं म्हणून तोंड बंद करू नका, देवाधर्माचे उपदेश नको, दुसऱ्याची उदाहरणं नको. शेवटी विचारा, यातलं सगळ्यात आधी कशाचं काहीतरी करता येईल असं तुम्हाला वाटतं? आणि पुढच्या आठवड्यात परत जा, परत जाणं महत्त्वाचं.

जीव नकोसा झालाय असं कोणी बोललं किंवा तुम्हाला तशी शंका आली तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का. असं विचारल्याने विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, विषारी औषध, जास्तीच्या गोळ्या अशा गोष्टी घरातून हलवा, विश्वासातलं एक माणूस सोबत ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. हेल्पलाईनचा नंबर प्रत्येक कार्यकर्तीच्या फोनमध्ये आधीच सेव्ह असला पाहिजे, आणि तो लागतो का ते अधूनमधून लावून बघा.

आठवी: ऐकलेलं तिथेच ठेवायचं

वस्तीत भिंतीला भिंत लागून असते. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, यातलं एक वाक्य बाहेर गेलं तरी कोणाचं लग्न मोडतं, कोणाला घरमालक बाहेर काढतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचंही नाव, रिपोर्ट, फोटो टाकायचा नाही, "आपल्या तिसऱ्या गल्लीतल्या ताई" असंसुद्धा नाही कारण सगळ्यांना कळतं. वहीत नावाऐवजी नंबर लिहा आणि नाव नंबराची यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात. पहिल्यांदाच बाहेर बोलणाऱ्याला समज द्या, परत झालं तर गटातून कमी करा, कितीही कामाची व्यक्ती असली तरी.

मारहाणीची गोष्ट कळली तर नवऱ्याला समजवायला जाऊ नका, मध्यस्थी करू नका, तिच्यावरचा धोका वाढतो. तिच्याशी एकटीशी बोला, हातात पत्रक देऊ नका, घरात सापडलं तर महागात पडेल. तिला काय हवंय ते विचारा, मदत कुठे मिळते ते सांगा, निर्णय तिचा. लहान मुलाला धोका असेल तर मात्र गप्प राहता येत नाही, कोणाला कळवायचं ते गटाने आधीच ठरवून ठेवा.

पैसे

थोडेच ठेवा. मशीन, बॅटरी, वह्या, भाडं, रिचार्ज, एवढंच लागतं. दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी व्यवस्था करा, महिन्याचा हिशोब हाताने लिहून गल्लीत लावा. राजकीय पक्षाने मशीन दिलं आणि त्यावर फोटो चिकटवला तर दुसऱ्या पक्षाची घरं तुमच्यासाठी दार बंद करतात, म्हणून नम्रपणे नाही म्हणा. मोठी देणगी आली आणि सोबत "आमचाही विषय घ्या" अशी अट आली तर गल्लीला विचारूनच ठरवा.

नववी: मोजायचं काय

किती लोकांची तपासणी केली हा आकडा सगळ्यांना आवडतो, पण तो फारसं काही सांगत नाही. हे तीन मोजा: बीपी जास्त निघालेली माणसं किती, त्यातली डॉक्टरांपर्यंत प्रत्यक्ष पोचली किती, आणि तीन महिन्यांनी गोळी चालू असलेली किती. दुसरा आणि तिसरा आकडा घसरतोय तिथे बसून कारण शोधा. आणि दर महिन्याला हेही बघा की कोण येत नाहीये. बहुतेक वेळा तरुण पुरुष, रात्रपाळीवाले, नुकतेच राहायला आलेले आणि अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यासाठी वेळ किंवा जागा बदलायला लागते, नाक्यावर संध्याकाळी मशीन घेऊन बसा, कामाच्या ठिकाणी जा.

वहीतून गोळ्यांपलीकडचंही दिसायला लागतं. एकाच ओळीतल्या घरांत मुलांना सारखी हगवण, म्हणजे नळाच्या लाईनीत काहीतरी मिसळतंय. ओल आलेल्या भिंतींच्या घरांत सारखा दमा. अशा वेळी तारखेनुसार घरांची संख्या लिहा, नावं नाही, नकाशा जोडा, सगळ्या गल्लीच्या सह्या घ्या आणि संबंधित ऑफिसात लेखी द्या, पोच घ्या. ठरलेल्या दिवशी चार जण जाऊन विचारून या. तोंडी तक्रार विसरली जाते, पोच असलेल्या कागदाला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. तोपर्यंत पाणी उकळून घेणं आणि हगवण लागलेल्या मुलाला ओआरएस देणं घरोघरी सांगा, एक पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कमी जास्त नाही, आणि मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, काहीच पीत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर लगेच दवाखाना.

थकवा

कार्यकर्त्या दमतात, मृत्यू बघतात, कोणाचं दुःख घरी घेऊन जातात. पंधरा दिवसांतून एकदा फक्त त्यांच्यासाठी बसा, कामाचा हिशोब न मागता. कोणाला दोन महिने सुट्टी हवी असेल तर द्या आणि परत आल्यावर टोमणे नकोत. जबाबदाऱ्या दर सहा महिन्यांनी फिरवा, किल्ली, वही, हिशोब, दवाखान्याशी बोलणं, नाहीतर एकाच माणसाच्या नावावर सगळं जमा होतं आणि ते माणूस वस्ती सोडून गेलं की गट संपतो. म्हणून दवाखान्यात जाताना दर वेळी एक नवीन चेहरा सोबत न्या, सिस्टरशी ओळख करून द्या.

सहा महिने झाले की सगळ्या गल्ल्या एकत्र बसा, ते तीन आकडे वाचून दाखवा, आणि दुसरा विषय घ्यायचा का ते तिथेच ठरवा. बीपीवाल्या लोकांची गोळी टिकत नसेल तर दुसरा विषय घेऊ नका, आधी तेच नीट करा. टिकत असेल तर पहिल्या महिन्याची ऐकण्याची वही परत उघडा, कारण लोकांनी काय सांगितलं होतं ते त्यात लिहिलेलंच आहे.